एक्स-प्लेन १२ या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ॲड-ऑन (वेगळं घेऊन बसवलेल्या) विमानाचे स्क्रीन काळे, आवाजही नाही. काय करू?

आधी ॲड-ऑनला दोष देऊ नका. विमान ‘कोल्ड अँड डार्क’ म्हणजे सगळं बंद अवस्थेत उघडलं असेल, तर स्क्रीन काळेच दिसणार आणि इंजिनाचा आवाजही येणार नाही. बॅटरी आणि एव्हिऑनिक्सचं (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं) बटण चालू करा, मग स्क्रीनच्या ब्राइटनेसचा नॉब फिरवून बघा. हसू नका, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे!

तरीही काळंच? मग सिम्युलेटरसोबत आलेलं सेसना १७२ उघडा. ते नीट चाललं तर घोळ ॲड-ऑनमध्ये किंवा त्याच्या प्लगइनमध्ये (सिम्युलेटरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) आहे. सिम्युलेटरच्या मुख्य फोल्डरमधली लॉग डॉट टीएक्सटी ही फाइल उघडून ‘एरर’ शोधा. कुठलं प्लगइन लोड झालं नाही ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं. विमान ११ व्या आवृत्तीसाठी बनवलेलं असेल तर १२ साठीचं अपडेट आलंय का, तेही बघा.

सेसनाचाही आवाज नसेल तर साउंड सेटिंगमध्ये आउटपुट तपासा. मॉनिटर एचडीएमआयने जोडला की विंडोज कधीकधी आवाज गुपचूप तिकडे वळवतं, आणि आपण हेडफोन बदलत बसतो.