सरावालाही सगळ्यांनी सारखेच कपडे घालायचे का?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि चीअरलीडिंगच्या संघात फ्लायर, म्हणजे वर उचलली जाणारी मुलगी, आहे. या हंगामापासून त्यांच्या कोचबाईंनी सरावालाही सारखे कपडे सक्तीचे केले आहेत. प्रत्येक वाराला वेगळा रंग, संघाचं नाव छापलेले टीशर्ट, ठरावीक आखूड शॉर्ट्स आणि केसांना त्याच रंगाची रिबन. चुकीच्या रंगात आलेल्या मुलीला त्या दिवशी कडेला बसवतात. आम्हाला हा खर्च जड जातो, पण त्याहून मोठी अडचण अशी की मुलीला आखूड शॉर्ट्स नको आहेत आणि ते सांगायला ती घाबरते. शिस्त म्हणून हे सगळं योग्य आहे का? कोचशी बोलावं तर कसं?
– एक आई

उत्तर : बोलाच, आणि लवकर बोला. मी स्वतः बरीच वर्षं चीअरलीडिंग शिकवते आहे आणि सरावाच्या कपड्यांबाबत कडक आहे. नियम मोडून आलेल्या मुलीला मीही स्टंटला, म्हणजे एकीला वर उचलण्याच्या कसरतीला, उभी करत नाही. पण माझ्या नियमांत कुठल्या वारी कुठला रंग हे कुठेच येत नाही.

कपड्यांना नियम का लागतो ते आधी सांगते, म्हणजे कुठे ऐकायचं आणि कुठे ठाम राहायचं ते तुम्हाला कळेल. तुमची मुलगी वर जाते तेव्हा तिचे पाय दोन बेसच्या, म्हणजे खालून उचलणाऱ्या मुलींच्या, हातांत असतात आणि मागे उभी असलेली बॅकस्पॉट तिचे घोटे धरते. खाली येताना पाठीवर पडणाऱ्या मुलीला दोघी बेस पाठीखाली आणि मांड्यांखाली हात घालून झेलतात, बॅकस्पॉट काखेतून धरते. सगळा खेळ पकडीचा आहे. ट्रॅक पँट सैल असली तर बॅकस्पॉटच्या मुठीत घोट्याऐवजी कापड येतं. कापड मुठीत राहतं आणि पाय आतल्या आत सरकतो. तकतकीत कापडाच्या लेगिंग्ज घाम आला की निसरड्या होतात. हूडीची टोपी झेलणारीच्या हातात आली, तर ओढ थेट गळ्यावर बसते. एका सरावात वरच्या मुलीची कमरेची नाडी बाहेर लोंबत होती. झेलताना बेसचा अंगठा तिच्या फासात अडकला, मुलगी पायांवर उतरायला निघाली आणि हात काही सुटेना. अंगठा असा मुरगळला की ती बेस कित्येक दिवस स्टंटला उभी राहू शकली नाही. म्हणून सरावाआधी मी एकेकीला नाडी आत खोचायला लावते. मुली कंटाळतात, तरी लावते.

लांब नखं, अंगठ्या, कानातले, मोकळे केस यांचंही तेच. दागिन्यांना तर स्पर्धेच्या नियमांतच बंदी असते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : सरावाच्या दिवशी पायांना लोशन लावू नये. सांगायला विसरलं की पहिल्याच स्टंटला बेसचे हात घसरतात.

तेव्हा अंगासरशी साधा टीशर्ट, तोही आत खोचलेला, खिसे-चेन-बटणं नसलेल्या घट्ट लेगिंग्ज किंवा शॉर्ट्स, मऊ तळाचे बूट आणि घट्ट बांधलेले केस, एवढं कोचबाईंनी मागितलं तर एका शब्दानेही वाद घालू नका. त्यात तुमच्या मुलीचीच काळजी आहे.

शॉर्ट्सचं मात्र मला पटत नाही. उघड्या पायावर पकड चांगली बसते असं काही कोच सांगतात आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण वर उभ्या असलेल्या मुलीला आधार मिळतो तो मुख्यतः बुटाला आणि घोट्याला. अंगासरशी आणि न चकाकणाऱ्या कापडाच्या लांब लेगिंग्जवर पकड उत्तम बसते, मी रोज पाहते. उलट जिला आपल्या कपड्यांची धास्ती आहे ती वर गेल्यावर काय करते ते पाहा. तिचा एक हात मोशन, म्हणजे हाताची ठरलेली हालचाल, सोडून शॉर्ट्सची कड खाली ओढायला जातो. त्या हाताबरोबर खांदा झुकतो, कंबर ढिली पडते, गुडघा किंचित वाकतो आणि खाली दोघी बेस तोल सावरायला पावलं टाकू लागतात. फ्लायरचं पहिलं काम म्हणजे अंग ताठ, गच्च ठेवणं. तेच तिला जमत नसेल तर त्या शॉर्ट्स लांब लेगिंग्जपेक्षा जास्त धोक्याच्या आहेत. कोचबाईंना हे याच शब्दांत सांगा. लाजेबद्दल बोललात तर त्या समजूत घालत बसतील. स्टंटबद्दल बोललात तर त्यांना ऐकावंच लागेल.

रंग सारखा असण्याचा एक खरा उपयोग आहे. स्पर्धा जवळ आली की आम्ही अडीच मिनिटांचं पूर्ण रुटीन व्हिडिओवर घेऊन पाहतो. सगळ्या एका रंगात असल्या की कोणाचा हात खांद्याच्या रेषेखाली गेला, कोण अर्धा ठोका मागे आहे, ते चटकन दिसतं. रंगीबेरंगी कपड्यांत डोळा सर्वांत भडक टीशर्टकडेच जातो. पण त्यासाठी घरातला कुठलाही काळा टीशर्ट पुरतो, आणि तोही हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात. पिरॅमिड शिकवताना तर मला उलटंच हवं असतं : बेस एका रंगात, फ्लायर दुसऱ्या रंगात, म्हणजे लांबून हाक मारून जागा बदलता येतात. वाराप्रमाणे रंग आणि जुळणारी रिबन यांचा सरावाला मला आजवर काही उपयोग दिसलेला नाही.

आणि कडेला बसवणं! एका स्टंट गटात साधारण चौघी असतात. रंग चुकला म्हणून फ्लायरला बसवलं की दोघी बेस आणि बॅकस्पॉट हात बांधून उभ्या. रिबनपायी चौघींचा सराव बुडतो आणि पुढच्या वेळी तोच स्टंट कच्च्या तयारीने वर जातो. हे मला खरोखर सहन होत नाही.

कोचबाईंना एकटं गाठा, इतर पालकांसमोर नको. यातले कुठले नियम सुरक्षिततेसाठी आहेत, असं सरळ विचारा आणि तेवढे पाळायचं कबूल करा. मग लांब की आखूड हे सगळ्याच मुलींना कारण न विचारता निवडू द्या, अशी मागणी करा. मुलीचं नाव मध्ये आणू नका. छापील टीशर्ट हवेतच असतील तर ते संघाच्या निधीतून यावेत, मागच्या वर्षीच्या मुलींचे पुढच्या मुलींना मिळावेत.

प्रश्न : मी कर्णधार आहे. सरावाला सारखे टीशर्ट आणल्यावर आमच्यात एकी वाढेल असं मला वाटतं, पण दोघी-तिघी तयार नाहीत. सक्ती करू का?

उत्तर : नको करूस. त्या दोघी-तिघींना नकार का द्यावासा वाटतो ते एकेकीला वेगळं गाठून विचार. बहुतेक वेळा कारण पैशाचं किंवा मापाचं असतं, आणि ते चारचौघींत कोणी बोलत नाही. माप सर्वांना नीट मिळत असेल आणि पैसे कोणाच्या घरातून जाणार नसतील, तर खुशाल आण.

प्रश्न : आमच्या संघात मी एकटाच मुलगा आहे. बेस म्हणून उभा राहतो. कपड्यांचे नियम फक्त मुलींसाठी आहेत, तू काहीही घाल, असं मला सांगितलं जातं. हे बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात नाही. तुला असं सांगणाऱ्यांना हा खेळ मुलींचाच वाटत असावा. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात प्रेक्षकांसमोर उभं राहून घोषणा देणारा जॉनी कॅम्पबेल हा पहिला चीअरलीडर मानला जातो. त्याच विद्यापीठात मुली या कामात आल्या १९२३ मध्ये. तेव्हा तू पाहुणा नाहीस.

बेसच्या कपड्यांकडे तर जास्तच लक्ष हवं. फ्लायर तुझ्या मांडीवर, खांद्यावर पाय देऊन चढते. कॉलर, बटणं, पट्ट्याचं बक्कल यांत तिच्या बुटाचं टोक अडकतं किंवा तिला ओरखडा येतो. कार्गो पँट तर घालूच नकोस. साध्या शॉर्ट्सना खिसे असतील तर ते शिवून टाक, आणि खिशातला फोन सरावाआधी बॅगेत ठेव.