दोन सायकली दिसायला सारख्याच, मग एक सायकल हात सोडले तरी सरळ जाते आणि दुसरी हँडल जरा हललं की वळते, असं का?

साईज, चाकं, टायर सगळं सारखं असूनही असा फरक पडतो आणि बहुतेक वेळा तो ट्रेलमुळे असतो. हँडलचा दांडा ज्या तिरक्या नळीतून जातो ना, हेड ट्यूब, तिच्या रेषेत एक काठी थेट जमिनीपर्यंत नेली असं समजा, ती जिथे टेकेल त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. या दोन ठिकाणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सामानाच्या ट्रॉलीची छोटी चाकं ढकलल्यावर कशी आपोआप मागे फिरून सरळ होतात, तसाच काहीसा प्रकार. रोड बाइकला हे साधारण 55-60 मिमी असतं, हल्लीच्या माउंटन बाइकला 100 च्या वर.

आता गंमत अशी की फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, पुढे जितका जास्त तितकी सायकल स्थिर असं मला कित्येक वर्षं वाटायचं, म्हणून 43 मिमी ऑफसेटचा (हेड ट्यूबच्या रेषेपासून चाकाचा मध्य जितका पुढे, तो ऑफसेट) फोर्क काढून हौसेनं 50 चा टाकला, आणि उतारावर हँडल इतकं हलकं लागायला लागलं की जीव मुठीत! नंतर हिशोब केला तर 73 अंशाच्या हेड अँगलला, म्हणजे हेड ट्यूबच्या जमिनीशी असलेल्या कोनाला, ट्रेल 59 वरून 52 वर आलेला. म्हणजे ऑफसेट वाढला की ट्रेल कमी होतो, आणि हेड ट्यूब जास्त आडवी केली की वाढतो.

पण ट्रेल वाढवत नेलं की सगळं छान असंही नाही हं. आडवा हेड अँगल आणि मोठा ट्रेल असला की हळू चढ चढताना चाक एका बाजूला कलंडायला बघतं, सारखं सावरत बसावं लागतं. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, लांब असेल तर वळायला जागा जास्त लागते, ते वेगळंच.

चाकाच्या गिरकीमुळे सायकल उभी राहते असं शाळेत ऐकलं असेल, त्याचा हातभार आहे पण तेवढंच नाही. 2011 साली 'सायन्स'मध्ये एका टीमने अशी सायकल दाखवली की जिच्यात गिरकीचा परिणामही रद्द केलेला आणि ट्रेलही किंचित उलटा, तरी ढकलून दिली की स्वतःची स्वतः तोल सांभाळत जायची, कारण वजन कुठे आहे यावरही बरंच ठरतं.

तुमच्या केसमध्ये आधी अवखळ सायकलीचा फोर्क उलटा तर बसवलेला नाही ना ते बघा, मग दोन्हींच्या कंपनीने दिलेल्या मापांच्या चार्टमधला हेड अँगल आणि ऑफसेट एकत्र ताडून बघा, नुसता अँगल बघून काही कळणार नाही.