भूक, कोठार आणि ताट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जगात धान्य कमी पिकतं म्हणून लोक उपाशी राहतात का? तसं असेल तर आपल्या गोदामांतला जादा तांदूळ सुदानसारख्या देशात का पाठवत नाहीत? (कोल्हापूर)

धान्य कमी पडत नाही. जगात वर्षाला साधारण 280 कोटी टन तृणधान्य पिकतं. 800 कोटी माणसांत वाटलं तर माणशी 350 किलो, म्हणजे रोज किलोभर. त्यातला मोठा वाटा जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जातो हे खरं, पण उरतं तेही पोटाला पुरेल इतकं असतं. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये सुमारे 67 कोटी लोक भुकेले होते. भारत तांदळाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आणि इथेच 80 कोटी लोकांना रेशनचं धान्य द्यावं लागतं. दुकानात माल आहे, घ्यायला पैसा नाही, अशी ही भूक असते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये हेच मांडलं.

महाराष्ट्राने याची उलटी बाजू पाहिली आहे. 1972 च्या दुष्काळात पिकं गेली, पण लाखो लोकांना दुष्काळी कामांवर मजुरी मिळाली, सुकडी मिळाली, आणि बंगालसारखं मरण ओढवलं नाही. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये आला.

सुदानची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल 2023 पासून तिथे युद्ध सुरू आहे. शेतकऱ्याला पेरता येत नाही, बाजार लुटले गेले, रस्ते अडवले गेले. ऑगस्ट 2024 मध्ये पश्चिमेकडच्या दार्फुर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत अधिकृतपणे ‘फॅमिन’, म्हणजे भूकबळींचा दुष्काळ, असल्याचं मान्य झालं. हा शब्द सहज वापरत नाहीत : पाचातल्या एका घरात खायला जवळजवळ काहीच नाही, शंभरातली तीस मुलं तीव्र कुपोषित आणि दर 10 हजारांमागे रोज दोन मृत्यू, अशी मोजमापं त्यामागे असतात. आपला तांदूळ जहाजाने पोर्ट सुदानला उतरवता येईल. तिथून दार्फुर हजार किलोमीटरांहून लांब आहे, आणि अडचण तेवढ्याच टप्प्यात आहे.

प्रश्न : आमच्या भागात तीन मंगल कार्यालयं आहेत. उरलेलं जेवण वस्तीत पोहोचवायचा आमच्या मंडळाचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी? (सांगली)

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. ताटात वाढलेलं परत घ्यायचं नाही, आणि बुफेच्या टेबलावर तासन्‌तास उघडं राहिलेलंही नाही. फक्त मुदपाकखान्यात, भांड्यात झाकून राहिलेलंच घ्यायचं. हे आचाऱ्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. पंगत उठल्यावर त्याला ऐकायला वेळ नसतो.

खरा शत्रू वास येणारं अन्न नाही, वास न येणारं आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. भात यात सर्वांत फसवा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ‘चांगला उकळून दिला होता’ हे उत्तर म्हणूनच निरुपयोगी.

व्यवहारात असं करा. प्रत्येक भांड्यावर खडूने शिजल्याची वेळ लिहून घ्या. भांडं गॅसवर किंवा निखाऱ्यावर वाफाळतं राहिलं असेल तर उचला आणि दोन तासांत खाणाऱ्याच्या हातात पोहोचवा. गॅसवरून उतरून किती वेळ झाला ते कोणालाच सांगता येत नसेल तर घेऊ नका. दुसऱ्या दिवशी देण्याचा विचार नकोच. 20 किलो भाताचं पातेलं घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं तरी त्याचं पोट मध्यरात्रीपर्यंत कोमटच राहतं. थंड करायचंच असेल तर दोन इंचांपेक्षा जाड थर होणार नाही असं परातींत पसरावं लागतं, आणि तेवढी जागा कोणाकडे नसते.

पोळ्या, पुऱ्या, बुंदी, शंकरपाळे निर्धास्त घ्या. सुकी भाजी वरच्या वेळेच्या नियमात बसत असेल तरच (आणि तिच्यात ओलं खोबरं नको). बासुंदी, रायता, पनीरची भाजी, ओल्या नारळाची चटणी सोडून द्या. कार्यालयाचा मालक रागावेल, रागावू द्या.

नियमित काम करणार असाल तर नोंदणीचं बघा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे वेगळे नियम आहेत. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करावी, अन्न वेगळं ठेवावं, कुठून आलं आणि कुठे गेलं याची नोंद ठेवावी, असं ते सांगतात. त्रास झाला तर कोणत्या भांड्यातून कोणाला गेलं हे एका वहीत सापडलं पाहिजे, एवढा साधा हेतू आहे.

आमचं मत विचाराल तर लग्नसराईवर अवलंबून राहू नका. लग्नं चार महिने, भूक बारा महिने. आठवड्यातून दोनदा खिचडी शिजवा. शंभर माणसांना 7 किलो तांदूळ, 3 किलो मूगडाळ, 2 किलो शेंगदाणे, 5 किलो भाज्या, एक लिटर तेल, सुमारे 300 ग्रॅम मीठ आणि 40 लिटर पाणी. यात माणशी साधारण 550 कॅलरी आणि 17 ग्रॅम प्रथिनं मिळतात. पातेलं किमान 70 लिटरचं आणि जाड बुडाचं हवं, नाहीतर बूड करपतं आणि तो वास वरपर्यंत येतो. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा. बोअरचं जड पाणी असेल तर डाळ लवकर मऊ होत नाही. अशा वेळी ती आधी निम्म्याहून जास्त शिजवून घ्यावी आणि तांदूळ नंतर टाकावा.

प्रश्न : गावात आम्ही धान्य बँक चालवतो. सुगीत गहू, हरभरा, तूर गोळा होते आणि पावसाळ्यात गरजू घरांना देतो. हरभऱ्याला भुंगेरा आणि गव्हाला सोंडे लागतात. गोळ्या टाकाव्यात का? (बीड)

अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घराजवळच्या खोलीत वापरूच नका. त्यातून सुटणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो; शेजारच्या खोलीत झोपलेल्यांचे जीव गेले आहेत. ते प्रशिक्षित माणसाचं, बंद गोदामातलं काम आहे. बोरिक पावडर चोळण्याची सवय बरीच जुनी आहे, पण ती खाण्याची वस्तू नाही. कडुनिंबाच्या पाल्याने मनाला समाधान मिळतं, पोतंभर धान्य त्याने वाचत नाही.

हरभरा, तूर आणि मुगाचा भुंगेरा बहुतेकदा शेतातूनच येतो. मादी वाळणाऱ्या घाटयांवर आणि शेंगांवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते, आणि दोन महिन्यांनी तुमच्या कोठीत भोकं दिसतात. कोठी कितीही झाडली तरी म्हणूनच उपयोग होत नाही. सोंडे मात्र मागच्या वर्षीच्या सांदीतल्या दाण्यांतून येतात, तिथे झाडलोट कामाची.

पहिलं काम वाळवणं. गव्हात ओलावा 12 टक्क्यांच्या आत, कडधान्यात 9 ते 10 टक्के. यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग कोरडं मीठ आणि तेवढंच धान्य घालून हलवा, दहा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, परत उन्हात टाका. मीठ सुटं राहिलं तरी आणखी एक ऊन द्या. ही परीक्षा बारीक नाही. उन्हातून उचललेलं गरम धान्य लगेच पोत्यात भरलं की आत घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. रात्रभर सावलीत गार होऊ द्या.

दुसरं काम हवा तोडणं. तीन थरांच्या हवाबंद पिशव्या मिळतात : आत प्लॅस्टिकच्या दोन जाड पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. आतल्या किडींनी उरलासुरला प्राणवायू संपवला की त्या स्वतःच गुदमरतात, औषधाची गरज राहत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने ही पद्धत पश्चिम आफ्रिकेतल्या चवळीसाठी विकसित केली. भरताना धान्य दाबून बसवा, तोंडाशी हवा राहू देऊ नका, दोन्ही आतल्या पिशव्या एकेक करून पिळून, दुमडून बांधा.

चुका होतात त्या तीनच. ओलं धान्य भरलं तर आंबूस वास येतो. उंदराने एक भोक पाडलं की सगळं गेलं, म्हणून फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. आणि ‘बघू तरी’ म्हणून दर आठवड्याला उघडणं. पहिला महिना हात लावायचा नाही. वाटपासाठी लहान पिशव्या वेगळ्या भरा म्हणजे मोठी फोडावी लागत नाही.

तूरडाळीला मात्र जुना उपाय चांगला आहे : किलोला 5 मि.ली. एरंडेल चोळून ठेवणं. अंडी टिकत नाहीत. देताना घरच्यांना सांगा, शिजवण्याआधी डाळ कोमट पाण्याने दोनदा धुवायची.

प्रश्न : ड्रोन, सेन्सर, कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी शेतीतून भूक हटेल का? (परभणी, कृषी पदविकेचा विद्यार्थी)

ड्रोनने एकराला साधारण 10 लिटर पाण्यात फवारणी होते आणि दहा मिनिटांत एकर उरकतो. पाठीवरच्या पंपाला 150 ते 200 लिटर पाणी लागतं. मजूर मिळत नाहीत तिथे, उंच उसात, ही मोठी सोय आहे. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये अनुदान आहे. पण ही खर्च आणि वेळ वाचवणारी गोष्ट झाली. फवारणी करायला पीक उगवलेलं लागतं.

पेरणीचा पैसा वाया जातो तो बियाण्याने. घरचं सोयाबीन पेरायच्या आधी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत 100 दाणे मांडा, गुंडाळी करा, सावलीत ओलसर ठेवा. सहाव्या दिवशी निरोगी कोंब मोजा. 70 किंवा जास्त असतील तर एकरी 30 किलो. 60 आले तर 35 किलो. 50 च्या खाली असेल तर ते बियाणं नाही, धान्य आहे. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोतं आपटलं की उगवण जाते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

आता पोटाचं. सोयाबीन आपल्या ताटात फारसं येत नाही, ते तेल आणि पेंडीला जातं. घरच्या खाण्यासाठी अर्धा एकर बाजरी ठेवायची असेल तर ‘धनशक्ती’ हा वाण बघा. महाराष्ट्रात तो 2012 मध्ये प्रसारित झाला, किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह देतो, आणि संकरित नसल्याने बियाणं घरचं धरता येतं. फक्त ते वावराच्या मधोमध असलेल्या कणसांतून धरा, कारण बांधाशेजारच्या दुसऱ्या बाजरीचा पराग सहज येतो. बाजरीचं पीठ उन्हाळ्यात आठवड्यात कडवट होतं, म्हणून चार दिवसांपुरतंच दळा. भाकरीबरोबर लिंबू किंवा कच्चा टोमॅटो, आणि चहा तासभर लांब. नाहीतर ते लोह अंगाला लागत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या बांधकामावर मराठवाड्यातली कुटुंबं आहेत. दर महिन्याला किराणा द्यावा असं वाटतं. (पुणे)

द्या, पण आधी एक तास त्यांच्या रेशनकार्डाला द्या. पिशवी एकदा जाते, रेशन दर महिन्याला येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. कार्ड गावाकडचं असलं तरी पुण्यातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. कार्ड सोबत असण्याचीही गरज नाही, 12 अंकी क्रमांक पुरतो. घरचे म्हातारे गावात त्यांच्या वाट्याचं घेतात आणि बाकीचे इथे, असं विभागूनही चालतं.

अडतं ते असं. आधार जोडलेलं नसतं किंवा ई-केवायसी राहिलेली असते. सिमेंट-विटांनी अंगठ्याच्या रेषा झिजतात आणि यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं. अशा वेळी दुसरं बोट, घरातला दुसरा सदस्य, किंवा बुबुळाची सोय आहे का हे विचारा. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं. तिथला नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरी नाव चढत नाही. आणि कार्ड केशरी असलं म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. त्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ शिक्का लागतो. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरात 59 हजार रुपये. पॉस यंत्राची पावती मागून घ्या, तिच्यावर किती किलो मिळायला हवं ते छापलेलं असतं. तक्रारीसाठी 1967 या क्रमांकावर फोन करा.

किराणा द्यायचाच तर तांदूळ-गहू नको, ते रेशनवर मिळतं. तूरडाळ, तेल, शेंगदाणे, गूळ द्या.

प्रश्न : सिग्नलवरच्या लहान मुलांना बिस्किटाचे पुडे देणं योग्य का? (ठाणे)

पोट भरतं, वाढ होत नाही. मैदा, साखर आणि थोडं तेल. त्यापेक्षा केळं, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा लाडू.

मूल फार रोड दिसत असेल तर अंगणवाडीत नेऊन दंडाचा घेर मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते अतितीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 असेल तर मध्यम तीव्र. दोन्ही पावलं सुजलेली असतील, अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहत असेल, तर घेर न बघता दवाखाना. आणि अशा मुलाला कळवळून एकदम पोटभर जेवू घालू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक खूप अन्न गेलं की रक्तातले क्षार बिघडतात आणि हृदय बंद पडू शकतं. पोषण पुनर्वसन केंद्रात पहिले दिवस दर दोन-तीन तासांनी मोजून, थोडंथोडंच देतात ते याचसाठी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. गावाकडच्या अन्नछत्राला पैसे पाठवायचे आहेत. (एडिसन)

पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी मानली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, मग ओसीआय कार्ड असलं तरी. अशा वेळी संस्थेकडे परदेशी देणगीची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं ठरावीक खातं हवं. लहान अन्नछत्रांकडे ते सहसा नसतं. भावाच्या खात्यात टाकून त्याला पुढे द्यायला सांगणं ही पळवाट आहे, आणि तिचा त्रास तुम्हाला नाही, अन्नछत्राला होतो. अन्नछत्राकडे अशी नोंदणी नसेल तर एडिसनच्या आसपासच्या फूड बँकेला रोख द्या. ते घाऊक भावाने घेतात, तुम्ही दुकानातून घेऊन दिलेल्या डब्यांपेक्षा त्यात जास्त माल येतो.