प्रश्न विचारा आणि थोडं थांबा

मॅडम, नवीन वर्ग मिळालाय तर एक सवय आत्ताच लावून घ्या: प्रश्न विचारला की मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं मोठी होतात, कारणांसकट येतात.

चौथीत विचारा, ‘१/४ मोठा की १/३?’ कुणीतरी म्हणेलच, ‘१/४, कारण तीनपेक्षा चार मोठा.’ लगेच ‘चूक’ म्हणू नका. ‘एक भाकरी तिघांत वाट, दुसरी चौघांत,’ म्हणून खडू हातात द्या. रेघा मारता मारता तोच थबकतो. आणि बरोबर उत्तरालाही ‘कसं ओळखलंस?’ विचाराच, नाहीतर ‘का?’ ऐकलं की आपलं चुकलं, असं मुलं धरूनच चालतात.