‘पॅरिश’ला मराठीत काय म्हणावे?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रज खेड्याची हकिगत मराठीत आणणाऱ्या अनुवादिकेचा प्रश्न आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा मुलूख; त्या काळी गावकीचा कारभारही याच हद्दीत चाले. मूळ मजकुरात ‘नवरा वारल्यावर ती पॅरिशवर गेली’ अशा शब्दरचनेचे एक वाक्य आहे आणि पुढे ‘वेस्ट्रीने तिला आठवड्याला तीन शिलिंग ठरवून दिले’ असे दुसरे (वेस्ट्री म्हणजे पॅरिशची सभा). पहिल्याचा अनुवाद त्यांनी ‘ती चर्चच्या आश्रयाला गेली’ असा केला आहे. तो बरोबर आहे का, आणि पॅरिशला नेमका मराठी प्रतिशब्द कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

हा अनुवाद बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅरिशवर जाणे म्हणजे पॅरिशमधील रहिवाशांकडून गोळा केलेल्या करातून मिळणाऱ्या मदतीवर दिवस काढणे. त्या काळी हा कायद्याने बसवलेला कर होता. चर्चच्या दानपेटीशी त्याची गल्लत करू नये.

तरीही चूक होणे स्वाभाविक आहे, कारण शब्द मुळात चर्चचाच आहे. ‘घराशेजारी’ असा अर्थ पोटात असलेल्या ग्रीक शब्दापासून तो लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. साधारण बाराव्या शतकापर्यंत इंग्लंडभर पॅरिशींचे जाळे बहुतांशी पक्के झाले होते. एक चर्च, एक धर्मगुरू आणि ज्या जमिनीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्या चर्चला पोचवायचा तेवढा मुलूख, ही तिची जुनी ओळख होय. (रेक्टर आणि व्हिकर या दोघांनाही आपण सरसकट ‘पाद्री’ म्हणतो, पण फरक या दशांशातच आहे: सर्वसाधारणपणे धान्य, गवत व लाकूड यांचा मोठा दशांश रेक्टरचा, आणि उरलेला लहान दशांश व्हिकरचा.)

पुढे राज्यसत्तेने याच तयार चौकटीवर आपली कामे लादली. १५३८ साली बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम निघाला. १६०१ च्या कायद्याने गरिबांचा सांभाळ पॅरिशवर टाकला आणि त्यासाठी गावातल्या काही खात्यापित्या गृहस्थांना दरवर्षी देखरेखीला नेमून कर गोळा करण्याचा अधिकार दिला. साहजिकच, हा गरीब आमचा की शेजारच्या पॅरिशचा, हा वाद सुरू झाला आणि १६६२ च्या कायद्याने परक्या माणसाला परत धाडण्याची रीत घालून दिली. लग्नानंतर बाईची पॅरिश नवऱ्याची धरली जाई. त्यामुळे तुमच्या हकिगतीतल्या विधवेने नवऱ्याचे मूळ गाव डोळ्यांनी पाहिलेले नसले, तरी दोन जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक दंडाधिकारी) यांच्या सहीच्या हुकमाने तिची तिकडे रवानगी होऊ शकत होती. म्हणून ‘नवरा वारल्यावर तिला पॅरिशच्या मदतीवर दिवस काढावे लागले’ असे लिहावे. त्यातली लाचारी आणि गावकीचा हिशेब, दोन्ही वाचकापर्यंत पोचतात.

मग पॅरिशला सरळ ‘गाव’ का म्हणू नये? कारण गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घरे येतात, आणि पॅरिश ही प्रथम जमीन असते. आपल्याकडे वस्तीची ती पांढरी आणि शेतीची ती काळी. पॅरिशमध्ये दोन्ही येतात. ऑक्सफर्डशायर आणि विल्टशायरमध्ये चुनखडीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी अरुंद, लांबट पॅरिशी ओळीने लागलेल्या दिसतात. खालच्या ओलसर खोऱ्यातले कुरण, मधली नांगरटीची जमीन आणि वरचे मेंढ्यांचे माळ, असे तिन्ही प्रकार प्रत्येकीच्या वाट्याला यावेत, या बेताने ती पट्टी आखलेली असते. उत्तरेकडे मात्र एकेका पॅरिशच्या पोटात अनेक वस्त्या, आणि प्रत्येक वस्ती आपला कर वेगळा बसवणारी. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी हे गाव तर सोळाव्या शतकाच्या सुमारास पुरते ओस पडले, पण त्याचे चर्च त्यानंतरही आसपासच्या वस्त्यांसाठी चालूच राहिले. गाव गेले आणि पॅरिश राहिली, हे वाक्य ‘गाव’ हा प्रतिशब्द घेऊन लिहिताच येणार नाही.

मराठीत सर्वांत जवळचा शब्द माझ्या मते ‘मौजे’ हा आहे, कारण त्यातही वाड्यांसकट सारे शिवार येते. इंग्लंडमध्ये एका नावाच्या दोन पॅरिशींना मॅग्ना आणि पार्वा अशी लॅटिन शेपटे लावलेली आढळतात, ती आपल्या बुद्रुक-खुर्दची सख्खी भावंडे आहेत. पण मौजेला चर्चची बाजू नाही, म्हणून तोही शब्द अपुरा पडतो.

काळ बदलला की उत्तरही बदलते. १८६६ च्या कायद्याने जिथे गरिबांचा कर स्वतंत्र बसतो ती पॅरिश, असे ठरले आणि मुलकी पॅरिश व चर्चची पॅरिश यांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या. १८९४ साली मुलकी पॅरिशला निवडलेली कौन्सिल मिळाली. लहान पॅरिशींना कौन्सिल नव्हती, फक्त मतदारांची सभा होती. या नंतरच्या काळाविषयी लिहिताना कौन्सिलला ‘ग्रामपंचायत’ आणि त्या सभेला ‘ग्रामसभा’ म्हणायला माझी हरकत नाही. चर्चच्या पॅरिशसाठी वसईच्या ख्रिस्ती मराठीतला ‘धर्मग्राम’ हा सुरेख शब्द आहे. गोव्यात पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’पासून आलेला ‘फिर्गज’ हा कोकणी शब्दही चर्चपुरताच चालतो, जरी पोर्तुगालमध्ये मूळ शब्द आजही सरकारी कारभाराच्या सर्वांत लहान घटकाला लावतात.

तुमची हकिगत मात्र या फाळणीच्या आधीची आहे, तेव्हा तिथे ‘पॅरिश’च ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘चर्च आणि गावकी या दोहोंचा कारभार जिच्या शिवेत चाले ती पॅरिश’ असे अर्धे वाक्य जोडावे. वेस्ट्री ही खरे तर चर्चमधील धर्मगुरूचे झगे ठेवण्याची खोली. पॅरिशची सभा तिथे भरे, म्हणून सभेलाही तेच नाव पडले. तेव्हा दुसरे वाक्य ‘पॅरिशच्या सभेने तिला आठवड्याला तीन शिलिंग बांधून दिले’ असे करावे.