सिनेमाला पाच स्पीकर, गेमला दोनच : असं का होतं?

दिवाळीच्या खरेदीनंतर दोन-तीन महिने माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा साचा ठरलेला असतो. सिनेमा लावला की सगळे स्पीकर बोलतात, गेम सुरू केला की मागचे दोन मुके. प्रत्येकाला तेच ते वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकत्र लिहितो. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न (नाशिक): कॉम्प्युटरपासून रिसीव्हरपर्यंत (स्पीकरांना आवाज वाटून देणारी पेटी) ऑप्टिकल केबल आहे. सिनेमात ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर, म्हणजे आवाजाचे सहा वेगळे चॅनेल) येतं, गेममध्ये फक्त पुढचे दोन स्पीकर वाजतात. ड्रायव्हर तीनदा टाकून झाले. विंडोजमधल्या डॉल्बी डिजिटलच्या चाचणीत सगळे स्पीकर वाजतात, म्हणजे सेटिंग बरोबर आहे ना?

ड्रायव्हर चौथ्यांदा टाकू नका. त्या चाचणीने एवढंच कळतं की तुमच्या रिसीव्हरला डॉल्बी उलगडता येतं. गेमशी तिचा काही संबंध नाही.

आता जरा सविस्तर सांगतो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. ही ऑप्टिकल जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली ती आपल्या सीडी प्लेयरसाठी. सीडीचा आवाज दोन चॅनेलचा, त्यामुळे न दाबलेला, म्हणजे आकार कमी न केलेला (अनकंप्रेस्ड) आवाज या वाटेने आजही दोनच चॅनेलचा जातो. सहा न्यायचे तर आधी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतीने दाबून त्यांचं गाठोडं बांधावं लागतं. सिनेमाचं गाठोडं तुमच्यापर्यंत येतं तेच बांधून. डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटल सेकंदाला फार तर ४४८ किलोबिटचं असतं. कॉम्प्युटर ते न सोडता पुढे ढकलतो आणि रिसीव्हर सोडतो.

गेमचा आवाज आधीपासून तयार नसतोच. तुम्ही डावीकडे वळलात की समोरचा धबधबा उजवीकडे सरकायला हवा. हे गणित त्या क्षणी होतं आणि आवाज तिथल्या तिथे सहा चॅनेलमध्ये वाटला जातो, न दाबता. १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ धरले तरी सेकंदाला साधारण ४.६ मेगाबिट झाले. ते जागच्या जागी दाबणारं कुणी नसेल, तर विंडोज त्यातले दोन चॅनेल पाठवून मोकळं होतं. बिघाड कुठेच नाही. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्स या गेम कन्सोलमध्ये हे गाठोडं गेम चालू असतानाच बांधायची सोय होती. पीएस५ आणि आताचे एक्सबॉक्सही ते बांधून देतात. साध्या कॉम्प्युटरला मात्र ते आपोआप जमत नाही, आणि कन्सोलवाल्या मित्राचा सल्ला तुम्हाला लागू पडत नाही तो याचमुळे.

सरळ उपाय एचडीएमआय. ग्राफिक्स कार्डातून केबल थेट रिसीव्हरला लावा, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रिसीव्हर निवडून ५.१ ठरवा आणि मगच गेम उघडा. बरेच गेम स्पीकर किती आहेत हे सुरू होतानाच बघतात, नंतर बदललेलं त्यांना कळत नाही. गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'हेडफोन' निवडलेलं राहिलं असेल तर तेही बदला. रिसीव्हरला एचडीएमआय नसेल, तर डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट (गेम चालू असतानाच गाठोडं बांधायची सोय) असलेलं साउंड कार्ड लागेल. खोक्यावर नुसतं 'डॉल्बी' छापलंय यावर जाऊ नका, 'लाइव्ह' हा शब्द शोधा. आणि पैसे देण्याआधी कार्डाचा व रिसीव्हरचा मॉडेल नंबर घेऊन एखाद्या जाणत्याला विचारा. 'ऑप्टिकल म्हणजे प्रकाश, म्हणजे सगळ्यात भारी' असं सांगणारा जाणता नव्हे.

प्रश्न (फोंडा): निन्टेन्डो स्विच टीव्हीला आणि टीव्ही एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर नेणारी सोय) ५.१ साउंडबारला जोडला आहे. पीएस५ वर सराउंड येतं, स्विचवर नाही. स्विच बिघडलाय का?

नाही. स्विच ५.१ देतो, पण फक्त न दाबलेलं. डॉल्बी त्याला येत नाही. तुमच्या टीव्हीचं साधं एआरसी न दाबलेले दोनच चॅनेल पुढे नेतं, त्यामुळे पीएस५ चं डॉल्बी पोचतं आणि स्विचचं अडतं. साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल तर स्विचचा डॉक थेट तिथे लावा. नाहीतर टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ईएआरसी (न दाबलेले जास्त चॅनेल नेणारं नवं एआरसी) हवं, एकालाच असून भागत नाही. डॉक लावल्यावर स्विचच्या टीव्ही सेटिंगमध्ये आवाज 'सराउंड'वर आहे ना, तेही बघा. एवढ्यासाठी नवा टीव्ही घ्यायचा विचार असेल तर आधी मला किंवा कुणालातरी विचारा.

प्रश्न (ठाणे): पीएस५ ला ऑप्टिकल केबल कुठे लावायची?

कुठेच नाही. त्याला ते पोर्ट नाही.

प्रश्न (सांगली): सोन्याचा मुलामा असलेली महागडी एचडीएमआय केबल घेतली तर सराउंड सुधारेल का?

नाही.

प्रश्न (पुणे): तापकीर गल्लीतून ५.१ होम थिएटर घेतलं, ५००० वॅट. मोबाइलवर आणि लॅपटॉपवर ब्लूटूथने गेम खेळतो. पाचही स्पीकर वाजतात, पण सगळ्यांतून एकच आवाज येतो.

तोच येणार. संगीतासाठीचं नेहमीचं ब्लूटूथ दोन चॅनेलचं असतं. तुमचा सेट ते दोन चॅनेल पाच स्पीकरांत वाटून देतो आणि खोक्यावर ५.१ छापतो. पेटीत पाच स्पीकर आहेत एवढाच त्या आकड्याचा अर्थ, त्यांच्यापर्यंत वेगवेगळं काही पोचतंय असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मागे बघा. सहा वेगळ्या आरसीए पिना असतील तर कॉम्प्युटरच्या हिरव्या, काळ्या आणि नारिंगी भोकांतून तीन वायरी घालून खरं ५.१ मिळेल. लॅपटॉपला ही तीन भोकं नसतात, त्यासाठी यूएसबीचं ५.१ साउंड कार्ड लागतं. नुसतं ऑक्स, यूएसबी आणि ब्लूटूथ असेल तर विषय संपला.

आणि ते ५००० वॅट! आपल्या घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं. २३० व्होल्टने गुणा, १३८० वॅट होतात. सॉकेटमधून जेवढी वीज येऊच शकत नाही, तेवढी स्पीकरमधून निघते कशी? हा पीएमपीओ नावाचा आकडा विकण्यासाठीच असतो. विचारायचं असतं आरएमएस (सतत देता येणारी खरी ताकद), आणि तो दुकानदाराच्या तोंडून ऐकायचा नसतो, माहितीपत्रकात छापलेला बघायचा असतो. सेट परत घेत असतील तर आजच जा. 'एवढा रविवार जाऊ दे' म्हणत थांबलेल्यांची मुदत टळलेली मी फार पाहिली आहे.

प्रश्न (कोल्हापूर): ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफर) हेडसेट घेतला. शत्रूच्या पावलांचा आवाज येतो, पण पुढून की मागून ते समजत नाही. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे सगळीकडे ७.१ चालू केलं आहे.

'सगळीकडे' हीच गडबड आहे. बहुतेक ७.१ हेडसेटमध्ये स्पीकर दोनच असतात. आवाज कानाच्या पाळीवर आदळून कसा बदलतो याचं गणित करून दिशेचा भास निर्माण केला जातो. हे गणित गेम करतो, त्यावर विंडोजचं स्पेशियल साउंड करतं, वर हेडसेटचं सॉफ्टवेअर करतं. तिघांनी मिळून दिशा पुसून टाकली. एकालाच ठेवा. गेममध्ये स्वतःची त्रिमितीय आवाजाची सोय असेल तर ती चालू, बाकी दोन्ही बंद. नसेल तर बाहेरच्या दोनांतलं एक. तरीही पुढे-मागे थोडा गोंधळ उरतो, कारण ते गणित कुणा सरासरी कानाचं आहे, तुमच्या नव्हे. त्यावर महागडा हेडसेट हा उपाय नाही. घ्यायचाच असेल तर आधी मित्राचा लावून, तोच गेम खेळून बघा.

प्रश्न (नागपूर): गोळी झाडल्यावर आवाज किंचित उशिरा येतो.

ब्लूटूथ असेल तर ते सोडा. नसेल तर कन्सोलवर डॉल्बीऐवजी लिनियर पीसीएम (न दाबलेला आवाज) निवडून पाहा, कारण दाबण्यात आणि सोडण्यात वेळ जातो. मात्र जोडणी साध्या एआरसीची असेल तर पीसीएमवर सराउंड जाईल, तेव्हा कन्सोल थेट रिसीव्हरला लावा. रिसीव्हरमध्ये 'लिप सिंक'चा विलंब शून्यावर आणा. स्पीकर तीन मीटर लांब असेल तर हवेतच साधारण ९ मिलिसेकंद जातात, त्यावर इलाज नाही.

प्रश्न (बेळगाव): सबवूफरमधून सतत गुणगुण येते. मित्र म्हणतो, तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, थांबेल.

मित्राला माझा निरोप द्या: नको. गुणगुण कदाचित थांबेलही, पण उपकरणात कधी वीज उतरली तर तिला जायला तुमच्या अंगाखेरीज वाट उरणार नाही. आधी सबवूफरची सिग्नलची वायर काढा. गुणगुण तशीच राहिली तर दोष सबवूफरमध्ये, तो दुरुस्तीला द्या. थांबली तर वायर परत लावून एकेक उपकरण सोडवत जा. पुष्कळदा केबल टीव्हीची किंवा डिशची वायर काढली की शांत होतं. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक पडून ५० हर्ट्झचा प्रवाह त्या वायरीतून फिरत असतो. त्या वायरीवर आयसोलेटर बसतो, तो तुमच्या केबलवाल्याकडून किंवा डिशवाल्याकडून बसवून घ्या. तरीही राहिली, किंवा उपकरणाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर खेळ बंद आणि परवानाधारक वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या बांधकामात ते नावापुरतंच असण्याची शक्यता बरीच.

प्रश्न (डोंबिवली): मुलगा पंधरा वर्षांचा आहे. रोज रात्री हेडफोन लावून खेळतो. दोन महिने कानात शिट्टी वाजते म्हणतो. हेडसेटमधला बिघाड असेल का? कुठली सेटिंग बदलू?

हेडसेट काढल्यावरही शिट्टी वाजते ना? मग हा प्रश्न माझा नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञांचा आहे. दोन महिने थांबलात, आता परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. उद्या जा, श्रवण चाचणी करून घ्या, तोवर हेडफोन बंद. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ७५ डेसिबलपर्यंत. मोठ्यांसाठी ८०. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. फोनवरच्या ॲपने हेडफोनचा आवाज मोजून 'आमचा कमीच आहे' असं स्वतःला समजावू नका. ते मोजमाप भरवशाचं नाही.

प्रश्न (सोलापूर): मोठा स्फोट झाला की रिसीव्हर स्वतःहून बंद पडतो. परत चालू केला की चालतो. असंच चालू ठेवलं तर चालेल?

नाही. तो स्वतःला वाचवतोय. प्लग काढा आणि स्पीकरच्या वायरींची टोकं बघा. एखादा तांब्याचा तंतू शेजारच्या खिळीला टेकलेला सापडेल. तसं नसेल तर स्पीकरचे ओहम (विजेला होणारा अडथळा) बघा, रिसीव्हर ६ ते ८ ओहमचा आणि स्पीकर ४ चे ही जोडी मोठ्या आवाजात टिकत नाही. वर सेट-टॉप बॉक्स ठेवून हवा कोंडली असेल तर तो हलवा. एवढं करूनही बंद पडला तर झाकण उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात. सर्व्हिस सेंटरला न्या, जाताना एक स्पीकर आणि त्याची वायरही सोबत घ्या.