जुना आर्केड मॉनिटर घरच्या पीसीला जोडायचाय? केबल आत्ताच लावू नका

तुम्ही विचारलंय की चोर बाजारातून व्हिडिओ गेमच्या कॅबिनेटमधला १९ इंची मॉनिटर मिळालाय, मागे १२० व्होल्ट लिहिलंय, ११०चा कन्व्हर्टर घरात आहे. तर व्हीजीए केबल कापून लाल, हिरवी, निळी तार थेट जोडली तर चालेल का.

मॉनिटर चालेल. आपण ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायचो तो गेम पार्लरमध्ये दिसायचा तसाच दिसेल. पण तुमच्या यादीत एक वस्तू कमी आहे, आणि ती येईपर्यंत केबलला हात लावू नका.

आर्केड मॉनिटर घरात उघडा ठेवून वापरायला बनलेलाच नव्हता. बऱ्याच जुन्या मॉडेलांत, उदाहरणार्थ वेल्स-गार्डनरच्या के-७०००मध्ये, मेनचा करंट सरळ ब्रिज रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांवर) जातो. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यामुळे बोर्डावरचा ग्राउंड जमिनीशी जोडलेला नसतो, तो स्वतःच लाइव्ह असतो. मॉनिटरच्या या बोर्डाला चॅसी म्हणतात, म्हणून हा प्रकार हॉट चॅसी. यावरचा उपाय कॅबिनेटमध्ये होता: तळाशी एक जड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेनशी तारेचा थेट संबंध तोडणारा, बसवलेला असायचा. कॅबिनेट मोडीत निघालं की तो तांब्याच्या भावाने वेगळा जातो आणि मॉनिटर एकटाच विकायला येतो.

आता पीसीकडे बघा. त्याची पत्र्याची पेटी, व्हीजीए सॉकेटचं कडं आणि सिग्नलचा ग्राउंड, सगळं प्लगच्या जाड तिसऱ्या पिनेतून अर्थिंगला जातं. केबल लावली की लाइव्ह ग्राउंड आणि अर्थ यांची गाठ तुम्ही ग्राफिक्स कार्डात मारता.

हे मी केलंय. गिरगावात मित्राच्या खोलीवर, बरीच वर्षं झाली. मॉनिटर आधी एकटा लावून पाहिला, छान उजेड आला, म्हणून खुशीत व्हीजीए लावली. फट्‌ आवाज झाला, चाळीच्या त्या मजल्यावरचे दिवे गेले. मॉनिटरच्या फ्यूजची काच आतून काळी पडली होती आणि ग्राफिक्स कार्डावरची ग्राउंडची पट्टी बोर्डावरून उचलून आली होती. मित्राचा हात तेव्हा पीसीच्या पेटीवर नव्हता, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. आमच्याकडेही तुमच्यासारखाच कन्व्हर्टर होता, आणि ‘मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे ना’ असं मी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं.

चूक तिथेच होती. अमेरिकेतून आणलेल्या मिक्सरसाठी लॅमिंग्टन रोडला जे २३० ते ११०चे डबे मिळतात, त्यातले बरेच ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. एकच वाइंडिंग, मधून काढलेली तार. व्होल्टेज कमी होतं, पण मेनशी संबंध तुटत नाही. तुमचा डबा कुठला ते पाच मिनिटांत कळेल: प्लग भिंतीतून पूर्ण काढा, मल्टीमीटर रेझिस्टन्सवर ठेवा, एक टोक प्लगच्या फेज किंवा न्यूट्रलच्या पिनेला आणि दुसरं आउटपुटच्या भोकात. चारही जोड्या तपासा. एकातही काही ओहम दाखवले तर तो ऑटो, या कामाला निरुपयोगी.

मॉनिटरही असाच तपासता येतो. बंद, प्लग काढलेला, फ्यूज शाबूत, मोठा कपॅसिटर रिकामा. मल्टीमीटर डायोडवर ठेवून लाल टोक व्हिडिओ ग्राउंडला आणि काळं मेनच्या एकेका पिनेला लावा. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ब्रिजचे डायोड मध्ये आहेत, चॅसी हॉट आहे.

दोन सल्ले तुम्हाला नक्की मिळतील, दोन्ही धुडकावा. एक, प्लगची पिन उलटी लावून बघा. ब्रिज असेल तर फेज कुठेही असो, निगेटिव्ह बाजू प्रत्येक सायकलच्या अर्ध्या भागात फेजला जोडलेली असतेच. दोन, पीसीची अर्थ पिन काढून टाका. मग फ्यूज उडणार नाही, पण पीसीची पेटी, कीबोर्डचा यूएसबीचा पत्रा, सगळं लाइव्ह होऊन बसेल आणि तुमच्या हाताची वाट बघेल.

तर यादीतली कमी वस्तू ही, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: २३० व्होल्ट प्रायमरी (भिंतीकडची), १२० सेकंडरी (मॉनिटरकडची), दोन्ही वाइंडिंग वेगवेगळ्या, दीडशे ते दोनशे व्हीए (व्होल्ट-अँपिअर). वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या, ‘ऑटो नको’ हे शब्द कागदावर लिहून द्या आणि घरी आणल्यावर वरचीच तपासणी करा. पहिल्यांदा मॉनिटर सिरीज बल्बवर, म्हणजे मेनच्या वाटेत एक बल्ब घालून, चालू करा. आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे शॉक बसला तर तिला पत्ताही लागत नाही.

ट्रान्सफॉर्मरने पीसी वाचतो. मॉनिटरच्या आतला धोका तसाच राहतो. मोठ्या कपॅसिटरवर १७०च्या आसपास डीसी असतं, आणि पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या वर. ही टोपी काढायचीच असेल तर जुन्या टीव्ही मेकॅनिकला बोलवा. तो आधी क्लिपची तार ट्यूबच्या मागच्या उघड्या जाळीदार तारेला लावेल, मग स्क्रू-ड्रायव्हरला, मगच टोपीखाली जाईल, आणि दुसरा हात पाठीमागे ठेवेल. दहा मिनिटांनी पुन्हा डिस्चार्ज करायला सांगा, कारण काच चार्ज परत जमवते. पावसाळ्यात त्या टोपीभोवतीची धूळ ओल धरते आणि सूं-सूं आवाज येतो. तो आला तर लगेच बंद करा.

सिग्नलचं थोडक्यात. हा मॉनिटर बहुधा १५ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास आडव्या ओळी काढणारा, असणार, तर पीसी सुरू होताना ३१ पाठवतो. ते जास्त वेळ मिळालं तर हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. व्हीजीएचे रंग ०.७ व्होल्टचे, म्हणून चित्र मंद दिसतं, आणि दोन वेगळे सिंक (चित्र जागेवर धरणारे सिग्नल) बऱ्याचदा एक करून द्यावे लागतात. अल्टिमार्क कंपनीचं जे-पॅक नावाचं मधलं बोर्ड या तिन्ही गोष्टी सांभाळतं. पीसीवर रॅडिऑनचं जुनं कार्ड आणि १५ किलोहर्ट्झ काढून देणारं सीआरटी इम्युड्रायव्हर हे सॉफ्टवेअर लागेल.

चॅसीच्या बोर्डावर छापलेला नंबर आणि कन्व्हर्टरच्या लेबलाचा फोटो टाका. व्हिडिओ ग्राउंडची पिन कुठली ते बघून सांगतो.